रॉकवेलचं कलम

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या उत्तर भागात, सेरो गोर्डो काउंटीत, रॉकवेल नावाचं हजारभर वस्तीचं गाव आहे. चहूकडे मका आणि सोयाबीन, रुळालगत धान्याची उंच कोठारं, शाळा, चर्च, पाण्याची टाकी. मिडवेस्टात, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य शेतीपट्ट्यात, अशी गावं शेकड्यांनी आहेत. रॉकवेल वेगळं ठरलं ते एका कलमामुळे. 1889 साली इथल्या शेतकऱ्यांनी सहकारी सोसायटी काढली आणि पोटनियमांत लिहून ठेवलं, की सभासदाने आपलं धान्य कुणालाही विकावं, त्याला मनाई नाही. पण प्रतिस्पर्ध्याला विकलं तर दर बुशेलमागे (बुशेल हे तिथलं धान्याचं माप) ठरलेली दलाली आपल्या सोसायटीत आणून भरावी.

मिडवेस्टातली छोटी गावं का ओसरली याची ठरलेली उत्तरं सगळ्यांना माहीत आहेत: यंत्रं आली, शेतं मोठी झाली, तरुण शहरांकडे गेले. ही उत्तरं खोटी नाहीत, अपुरी आहेत. त्याच यंत्रयुगात त्याच गावांतल्या काही संस्था शंभर वर्षं टिकल्या आणि काही एका पिढीत गेल्या. माझं म्हणणं असं, की जिथे बाहेर पडण्याची किंमत लोकांनी आधी ठरवून, स्वतःच्या सहीने मान्य केली होती, ती संस्था तगली. जिथे सगळी भिस्त गावाबद्दलच्या प्रेमावर होती, तिथे प्रेम शाबूत राहिलं आणि संस्था गेली. मिडवेस्टातल्या खेड्यांच्या प्रश्नाकडे या बाजूने फार थोडे लोक पाहतात, आणि तिथल्या विधिमंडळांत 1989 पासून झालेले कायदे बरोबर उलट्या दिशेने गेले आहेत.

आधी कलमाची गरज का पडली ते पाहू. हा मुलूख मेस्क्वाकी, सॉक, डकोटा या लोकांकडून काढून घेतला गेला, मग कागदावर आखला गेला आणि नंतर वसला. 1785 च्या भूमापन वटहुकुमाप्रमाणे जमिनीचे सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन पाडले. त्यांना टाउनशिप म्हणतात. एका टाउनशिपमध्ये 36 सेक्शन, एक सेक्शन 640 एकरांचा, आणि सोळाव्या क्रमांकाचा सेक्शन शाळेसाठी राखलेला. मोजणीची साखळी 66 फुटांची. 80 साखळ्या म्हणजे एक मैल. सेक्शनचा चौथा हिस्सा, म्हणजे 160 एकर, हे एका कुटुंबाचं शेत. 1862 च्या होमस्टेड कायद्याने हाच आकार कायम केला. त्या हिशोबाने पूर्ण भरलेल्या टाउनशिपमध्ये 144 कुटुंबं बसतात.

गावं मात्र रेल्वेने वसवली. घोडागाडीत धान्य भरून स्टेशनावर न्यायचं, उतरवायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचं, हे सहा-सात मैलांपर्यंतच जमतं. म्हणून सात ते दहा मैलांवर एक स्टेशन, आणि स्टेशन तिथे गाव. नेब्रास्कात बर्लिंग्टन रेल्वेने तर इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने गावांची नावं ठेवली: क्रीट, डॉर्चेस्टर, एक्सेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड. नकाशावर ही ओळ आजही वाचता येते. असं गाव रेल्वेच्या सोयीसाठी जन्मलेलं असतं. रेल्वेची सोय बदलली की गावाचं कारणच संपतं. त्याला दुसरं कारण गावकऱ्यांनीच मिळवून द्यावं लागतं.

स्टेशनालगतच्या धान्याच्या कोठाराला तिथे एलिव्हेटर म्हणतात, कारण बादल्या लावलेला फिरता पट्टा धान्य वर चढवतो. एकाच कंपनीची एका रेल्वेमार्गावर ओळीने वीस-तीस कोठारं असत. शेतकऱ्याची गाडी एकदा स्टेशनावर आली की ती भरलेली परत नेणं परवडत नाही, आणि हे कंपनीला पक्कं ठाऊक असे. तोल, प्रत आणि भाव तिन्ही तीच ठरवी. शेतकऱ्यांनी स्वतःचं कोठार बांधलं की कंपनीचा डाव सोपा असे: त्या एकाच स्टेशनावर भाव चढवायचा. तिथला तोटा बाकीच्या स्टेशनांवर भरून निघे. सभासद दोन सेंट जास्तीसाठी कंपनीकडे वळत, सोसायटीकडे धान्य येईनासं होई, वर्ष-दोन वर्षांत तिला टाळं लागे, आणि मग कंपनीचा भाव पुन्हा खाली. 1889 पूर्वी असे कितीतरी प्रयत्न याच रीतीने बुडाले. सभासद बेइमान होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला दोन सेंट सोडून दे म्हणणं म्हणजे संस्थेचा भार सगळ्यांत अडचणीतल्या माणसावर टाकणं.

रॉकवेलच्या कलमाने ही कोंडी फोडली. समजा सोसायटीचा भाव 30 सेंट आहे आणि कंपनीने 32 लावला. शेतकरी खुशाल कंपनीला विकतो, त्यातला एक सेंट सोसायटीत भरतो, तरी एक सेंट फायद्यात राहतो. सोसायटीला धान्याचा दाणाही न हलवता एक सेंट मिळतो आणि व्यवस्थापकाचा पगार निघतो. कंपनी जितका भाव चढवील तितकं धान्य तिच्याकडे जाईल आणि तितकी तिच्या प्रतिस्पर्ध्याची तिजोरी भरेल. या कलमात मनाई नाही, शपथ नाही, गावाच्या इभ्रतीचा उल्लेख नाही. किंमत आधी ठरलेली आहे, ती छोटी आहे, सगळ्यांना सारखी आहे, आणि ज्याला ती मान्य नाही त्याने सभासद होऊ नये. या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते चाललं, आणि आयोवा-इलिनॉयमधल्या कितीतरी सोसायट्यांनी ते उचललं.

न्यायालयाला ते पटलं नाही. 1913 मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने डेकोरा गावच्या शेतकरी सोसायटीच्या खटल्यात अशाच कलमाला व्यापारात आडकाठी ठरवून बेकायदा म्हटलं. एकट्या शेतकऱ्याला भाव ठरवून देणारी कंपनी स्पर्धा करते, आणि शंभर शेतकरी एकत्र आले की स्पर्धेला बाध येतो, असा तो तर्क. तो दुरुस्त व्हायला वेळ लागला. 1914 च्या क्लेटन या मक्तेदारीविरोधी कायद्याने थोडी वाट काढली आणि 1922 च्या कॅपर-व्होल्स्टेड कायद्याने शेतकऱ्यांना एकत्र येऊन माल विकण्याची नीट मोकळीक दिली. अटी मोजक्या होत्या: एका सभासदाला एकच मत असावं किंवा भागभांडवलावरचा लाभांश वर्षाला 8 टक्क्यांहून जास्त नसावा, आणि बिगरसभासदांच्या मालाचा व्यवहार सभासदांच्या मालापेक्षा मोठा नसावा.

आजच्या एलिव्हेटरवर काय चालतं तेही थोडं सांगायला हवं, कारण त्यात या बंधनाचं दुसरं रूप दडलेलं आहे. ऑक्टोबरात मक्याचा ट्रक काट्यावर येतो. अवजड ट्रकची एकूण वजनमर्यादा 80,000 पौंड, म्हणजे साधारण 900 ते 950 बुशेल मका. मक्याचा बुशेल 56 पौंडांचा. यांत्रिक नळी धान्यात खुपसून नमुना घेतात आणि ओलावा, घनता, तुटके दाणे, खराब दाणे पाहतात. दोन नंबरच्या पिवळ्या मक्यात बुशेलला किमान 54 पौंड वजन भरलं पाहिजे, तूट-कचरा 3 टक्क्यांच्या आत आणि खराब दाणे 5 टक्क्यांच्या आत हवेत. शेतातून मका 20 टक्के ओलाव्याने आला आणि कोठाराला 15 टक्के हवा असला, तर 1,000 बुशेलांचे वाळून 941 होतात. म्हणजे प्रत्येक टक्क्यामागे 1.18 टक्के घट. वर हाताळणीची थोडी घट आणि वाळवणीचा दर टक्क्यामागचा आकार. खाजगी कोठार घटीचा आकडा 1.18 ऐवजी 1.4 धरतं की 1.5, यावर शेतकऱ्याचे शेकडो डॉलर इकडचे तिकडे होतात, आणि पावतीवर ते डोळ्यांत भरत नाही. सहकारी कोठारात हा आकडा कुणी ठरवला हे वार्षिक सभेत उभं राहून विचारता येतं. माझ्या मते सहकाराचा खरा लाभ इथे आहे; लाभांश त्याच्यानंतर येतो.

लाभांशही भागांवर नाही, उलाढालीवर मिळतो: ज्याने जितके बुशेल घातले त्या प्रमाणात. पण तो सगळा रोख मिळत नाही. 1962 च्या कर कायद्याप्रमाणे किमान 20 टक्के रोख दिले की बाकीची रक्कम सभासदाच्या नावे भांडवल म्हणून ठेवता येते आणि ती बरीच वर्षांनी, पुष्कळदा म्हातारपणी किंवा मृत्यूनंतर, परत दिली जाते. हेही बंधनच. यातूनच नवी कोठारं, वाळवणी यंत्रं आणि रेल्वेचे फाटे उभे राहिले. आणि इथेच ते बिघडतं. जुन्या सभासदांची अडकलेली रक्कम वाढत जाते, ती फेडायला पैसा नसतो, मग शेजारच्या मोठ्या सोसायटीत विलीन होण्याचा प्रस्ताव येतो आणि त्यात ‘जुनी रक्कम लवकर मिळेल’ हे आश्वासन असतं. शेती सोडलेल्या सभासदाला ते आवडणारच. 1980 च्या स्टॅगर्स कायद्यानंतर रेल्वेला तोट्याचे फाटे बंद करणं सोपं झालं. त्याच वर्षी रॉक आयलंड रेल्वे पूर्ण थांबली. आता 110 डब्यांची एकसंध गाडी भरून देणाऱ्यालाच चांगला दर मिळतो. अशा एका गाडीत सुमारे चार लाख बुशेल मका जातो, आणि एका गावाच्या कोठाराला तेवढा एकदम देता येत नाही. 2016 मध्ये एम्स आणि राल्स्टन इथल्या दोन मोठ्या सोसायट्या एकत्र येऊन लँडस ही सोसायटी तयार झाली, ती याच ओघात. ट्रक, डबे, खत-बियाणं यांच्या हिशोबाने विलीनीकरण बरोबर असेलही. पण वार्षिक सभा शंभर मैलांवर गेली की घटीचा आकडा विचारायला कोण जाणार?

बंधन सैल सुटलं की काय होतं याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण नॉर्थ डकोटातलं आहे. 1990 च्या दशकात तिथे आणि मिनेसोटात नव्या धर्तीच्या सहकारी संस्था निघाल्या. कॅरिंग्टन गावात ड्युरम, म्हणजे पास्त्याचा गहू, पिकवणाऱ्या हजारावर शेतकऱ्यांनी डकोटा ग्रोअर्स पास्ता काढली आणि 1993 मध्ये कारखाना सुरू केला. एक भाग म्हणजे एक बुशेल गहू घालण्याचा हक्क आणि तेवढीच जबाबदारी. गहू नाही घातला तर संस्था बाजारातून विकत घेणार आणि खर्च त्या सभासदाच्या नावे टाकणार. रॉकवेलचंच कलम, अधिक कडक. कारखाना उभा राहिला तो या बंधनाच्या बळावर, कारण बँकेला कच्च्या मालाची खात्री दाखवता आली. पण भाग विकता येत होते. 2002 मध्ये सभासदांनी संस्थेचं रूपांतर कंपनीत केलं, गहू घालण्याची जबाबदारी सुटली, आणि 2010 मध्ये व्हिटेरा या धान्य कंपनीने सुमारे 24 कोटी डॉलरना ती विकत घेतली. भागधारकांना चांगला पैसा मिळाला, तो त्यांच्या हक्काचाच होता. फक्त कारखान्यात कुणाचा गहू किती भावाने जाईल हे ठरवणारं टेबल कॅरिंग्टनमधून उठलं. त्याच प्रदेशात 1973 मध्ये साखरेचं बीट पिकवणाऱ्यांनी अमेरिकन क्रिस्टल शुगर ही साखर कंपनी विकत घेतली. ती अजून त्यांचीच आहे, आणि भागाशी ठरावीक एकर बीट बांधलेलं आहे.

जमिनीखालचं बंधन याहून जुनं. उत्तर-मध्य आयोवाचा मोठा भाग मुळात पाणथळ. तिथला मका उभा आहे तो जमिनीखाली तीन-चार फुटांवर पुरलेल्या नळ्यांमुळे. पूर्वी त्या भाजलेल्या मातीच्या असत, आणि रॉकवेलच्या उत्तरेला असलेल्या मेसन सिटीच्या भट्ट्या त्यासाठी नावाजलेल्या होत्या. आता छिद्रं पाडलेला प्लास्टिकचा पाइप असतो. शेतातल्या चार इंची नळ्या 40 ते 100 फुटांच्या अंतराने टाकतात. उतार शंभर फुटांना जेमतेम इंच-सव्वा इंच, त्यामुळे मोजणीत थोडी चूक झाली की नळीच्या पोटात गाळ साचतो. झाडाची मुळं शिरतात, जुनी नळी फुटते आणि शेतात खड्डा पडतो. पण खरी अडचण निराळी: माझ्या शेतातलं पाणी शेजाऱ्याच्या शेतातून गेल्याशिवाय नदीला मिळत नाही. म्हणून कायद्याने निचरा जिल्हे, म्हणजे सामाईक निचऱ्यासाठी जमीनमालकांच्या संस्था, निघाल्या. जमीनमालकांनी अर्ज करायचा, अभियंत्याने आराखडा काढायचा, प्रत्येक 40 एकरांना किती फायदा होईल त्याप्रमाणे आकारणी ठरवायची, आणि एकदा ठरलं की नाराज असलेल्यालाही भरावी लागते. हे बंधन नसतं तर आयोवाचा तो पट्टा आजही बदकांचाच असता.

याच बंधनातला दोषही लपवू नये. आकारणी फायद्याप्रमाणे आहे, नुकसानीप्रमाणे नाही. नळ्यांतून नायट्रेट वाहून रॅकून नदीत जातं आणि डी मॉइन शहराला पिण्याचं पाणी त्याच नदीतून घ्यावं लागतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे. 2015 मध्ये शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने सॅक, ब्युना व्हिस्टा आणि कॅलहून या काउंटींतल्या निचरा जिल्ह्यांवर दावा लावला. 2017 मध्ये तो फेटाळला गेला. कायद्याच्या दृष्टीने निकाल ठीक असेल, पण करारात खालच्या गावाला जागाच दिली नाही तर तो करार अर्धा आहे, हे शेतकऱ्यांच्या बाजूच्या लोकांनीही मोकळेपणी म्हणायला हवं.

आता शाळा. खेड्यातली शाळा ही तिथे वर्गखोल्यांपुरती नसते. शुक्रवारचा फुटबॉल सामना, हिवाळ्यातलं बास्केटबॉल, बँडची मैफल, निधीसाठी केलेलं जेवण, वादळात आसरा, हे सगळं त्याच व्यायामशाळेत. पूर्वी दर दोनेक मैलांवर एका खोलीची शाळा होती. त्या मिटून गावाच्या शाळा झाल्या, मग गावांच्या शाळा जोडल्या गेल्या. रॉकवेलची शाळा आधी स्वेलडेलशी जोडली. पलीकडे शेफील्ड-चेपिन आणि मेसर्वी-थॉर्नटन असे दोन जोड होते, त्यांचा 2007 मध्ये चार नावांचा एक जिल्हा झाला. 2011 मध्ये हे दोन्ही मिळून वेस्ट फोर्क नावाचा शाळा-जिल्हा निघाला: माध्यमिक वर्ग रॉकवेलला, हायस्कूल शेफील्डला. सहा गावांची नावं जाऊन एक नाव उरलं.

या विलीनीकरणांना माझा सरसकट विरोध नाही. बारा मुलांच्या वर्गाला रसायनशास्त्राचा शिक्षक मिळत नाही, हे खरं आहे. वेस्ट फोर्कसारख्या रचनेत दोन्ही गावांकडे काही वर्ग राहिले, ही तर चांगली वाटणी म्हणायला हवी. माझी तक्रार पैशाच्या वाटेबद्दल आहे. 1971 पासून आयोवात राज्याचा शाळानिधी मुलांच्या संख्येवर ठरतो. 1989 च्या कायद्याने पालकांना मूल शेजारच्या जिल्ह्यातल्या शाळेत घालायची मुभा मिळाली आणि मुलाबरोबर निधीही जाऊ लागला. 2023 च्या कायद्याने खाजगी शाळेसाठी मुलामागे वर्षाला सुमारे 7,600 डॉलर देऊ केले. पालकाचा निवडीचा हक्क मला मान्य आहे. पण वर्गातली 23 मुलं 20 झाली तर बसचा फेरा तोच, बॉयलर तोच, शिक्षक तोच. कमी होतो तो फक्त पैसा. ही 1889 पूर्वीची परिस्थिती आहे. दोन सेंटांसाठी जाणारा शेतकरी चुकत नव्हता आणि पालकही चुकत नाही. चुकतो तो बाहेर जाण्याची किंमत शून्य ठेवणारा नियम. मूल गेलं तरी त्याच्या निधीचा एक भाग, पहिल्या वर्षी निम्मा, दुसऱ्या वर्षी चौथाई, जुन्या जिल्ह्याकडे राहावा आणि तिसऱ्या वर्षी सगळा सुटावा. पालकाच्या खिशातून काही जात नाही. नव्या शाळेने दोन वर्षं थोडं कमी घ्यायचं, इतकंच.

बंधनाच्या बाजूने बोलणाऱ्याने 1918 चा उन्हाळा मात्र विसरू नये. त्या वर्षी 23 मे रोजी आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी जाहीरनामा काढला: शाळांत, आगगाडीत, टेलिफोनवर, सार्वजनिक सभांत आणि चर्चमध्ये फक्त इंग्रजी. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी घरात प्रार्थना करावी. जर्मनी, नॉर्वे, डेन्मार्क, बोहेमियातून आलेल्या लोकांनी वसवलेल्या राज्यात हा हुकूम. टेलिफोनची तार अनेक घरांची सामाईक असे, शेजाऱ्याला ऐकू येई. स्कॉट काउंटीत टेलिफोनवर जर्मन बोलल्याबद्दल शेतकरी स्त्रियांना 225 डॉलर भरावे लागले. जाहीरनामा डिसेंबरात मागे घेतला, पण जर्मन प्रवचनं पुष्कळ चर्चमध्ये परत आलीच नाहीत. गावाची एकजूट किती क्रूर होऊ शकते ते इथे दिसतं. म्हणून रॉकवेलच्या कलमातल्या अटी मला इतक्या मोलाच्या वाटतात: स्वतःची सही, आधी ठरलेली छोटी किंमत, बाहेर पडायची वाट उघडी. हार्डिंगच्या हुकमात यातलं काहीच नव्हतं.

अग्निशमन दलाकडे पाहिलं की चांगलं बंधन रोजच्या कामात कसं दिसतं ते कळतं. आयोवातली बहुतेक दलं स्वयंसेवकांची आहेत. टाउनशिप मालमत्तेच्या दर हजार डॉलरमागे काही सेंटांचा कर लावते आणि गावाच्या दलाशी लेखी करार करते. शेजारची दलं एकमेकांना मदतीला येण्याचे करार करतात. उरलेलं पॅनकेकच्या न्याहारीतून जमतं, जिला दर नसतो, ज्याने त्याने आपल्या मनाने द्यायचं. या दलाचं सगळ्यांत अवघड काम म्हणजे कणगीत बुडालेला माणूस काढणं. ओला मका साठवला की वरचा थर बुरशीने घट्ट होतो, खालून धान्य निघून पोकळी होते, कुणीतरी तो थर फोडायला आत उतरतो आणि काही सेकंदांत कंबरेपर्यंत जातो. दोरी लावून ओढायचं नसतं. धान्याची पकड इतकी असते की सांधे निखळतात. आधी खालचा ऑगर (धान्य बाहेर काढणारा फिरता स्क्रू) बंद करून त्याला कुलूप लावायचं, उष्णता न देता पंखा चालू करायचा, माणसाभोवती पत्र्याचे तुकडे एकमेकांत अडकवून नळी करायची, ती दाबत खाली न्यायची आणि नळीच्या आतला मका उपसायचा. कणगी फोडावी लागली तर समोरासमोर भोकं पाडायची, एका बाजूने फोडली तर ती कलते. याला आठ-दहा सराव असलेली माणसं लागतात, आणि दुपारी दोन वाजता अशा गावातली माणसं शहरात नोकरीवर असतात. मदतीचा करार लेखी असल्यामुळेच शेजारच्या गावाची गाडी विचारपूस न करता निघते.

सगळ्यांत मोठी गोष्ट, जमीन, मात्र कशालाच बांधलेली नाही. 1981 मध्ये आयोवात एकरी सरासरी 2,147 डॉलर भाव होता, 1986 मध्ये 787. व्याजदर वीस टक्क्यांवर गेलेले, जमीन गहाण. त्या पाच वर्षांत गेलेली कुटुंबं परत आली नाहीत. 2023 मध्ये भाव 11,835 डॉलर होता. या भावाने तरुण शेतकरी जमीन घेऊ शकत नाही, तो खंडाने करतो. निम्म्याहून जास्त शेतजमीन खंडाने आहे, सुमारे दोन-तृतीयांश जमिनीचे मालक 65 च्या वरचे आहेत आणि पाचवा हिस्सा वर्षभर आयोवात न राहणाऱ्यांचा आहे. 144 कुटुंबांच्या टाउनशिपमध्ये दीड-दीड हजार एकर करणारी पंधरा कुटुंबं पुरतात. खंडाचे 279 डॉलर एकरी, 2023 ची ही सरासरी, गावातून ॲरिझोनासारख्या ठिकाणी राहणाऱ्या मालकाकडे जातात आणि जाताना गावात काही टाकत नाहीत.

जमीन बांधून ठेवता येते, याचा दाखला आयोवातच आहे. ज्यांची जमीन काढून घेतली त्या मेस्क्वाकींनी 1857 मध्ये टामा काउंटीत 80 एकर पैसे देऊन विकत घेतले आणि सामाईक ठेवले. त्यात भर घालत आज त्यांच्याकडे 8,000 एकरांहून जास्त जमीन आहे. बाकी राज्याची खेडी ओसरत असताना त्यांची वस्ती तिथेच राहिली.

बाकीच्यांना इतकं मोठं पाऊल टाकायला सांगणं व्यवहार्य नाही, पण रॉकवेलएवढं छोटं टाकता येईल. खंडाच्या करारात मालकाने आपणहून एक ओळ घालावी: एकरी वर्षाला एक डॉलर काउंटीच्या सामुदायिक निधीला, गावाच्या अग्निशमन दलासाठी आणि शाळेसाठी, भाडेकरू गावातच राहणारा असेल तर निम्मा. टाउनशिपचे 23,040 एकर धरले तर दलाच्या गणवेशांचा आणि श्वसनयंत्रांचा खर्च निघतो, आणि मालकाचा भार खंडाच्या 0.4 टक्क्यांहून कमी राहतो. कायमस्वरूपी निधीला दिलेल्या देणगीवर राज्य 25 टक्के करसूट देतंच. नवशिक्या शेतकऱ्याला खंडाने दिल्यास रोख खंडावर 5 टक्के आणि बटाईवर 15 टक्के करसवलत आहे. ती घेताना ही ओळ सक्तीची केली तरी कुणाचा हक्क हिरावला जात नाही, कारण सवलत नको असेल तर ओळही नको. आयोवाच्या कायद्यात खंडाचं वर्ष 1 मार्चला सुरू होतं, आणि करार मोडायचा किंवा बदलायचा असेल तर नोटीस 1 सप्टेंबरपर्यंत द्यावी लागते. नाही दिली तर जुना करार आहे त्या शर्तींवर पुढे चालू राहतो. तेव्हा ही ओळ लिहायची, ती ऑगस्टात, मका काढणीला यायच्या आधी.